लाकूड वाहणाऱ्या वॅगनच्या मधोमध भिंत का असते?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. समोरच्या प्राध्यापकांनी एखादी अनोळखी वस्तू दाखवली आणि "हिच्याबद्दल बोला" म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे: त्या वस्तूत जे विचित्र दिसतंय तिथून. आज त्यासाठी उत्तर अमेरिकेतली एक मालगाडीची वॅगन घेऊ. नाव सेंटरबीम फ्लॅटकार. काम एकच, कापलेलं लाकूड, प्लायवूड, जिप्सम बोर्ड असा बांधकामाचा माल गठ्ठ्यांच्या रूपात वाहून न्यायचा.

दिसायला ती अशी. खाली सपाट तळ, दोन्ही टोकांना उभ्या भिंती, वर छप्पर नाही, बाजूंना काही नाही. आणि बरोबर मध्यातून, एका टोकाच्या भिंतीपासून दुसऱ्या टोकाच्या भिंतीपर्यंत, माणसाच्या दुप्पट उंचीची एक पोलादी जाळी. म्हणजे वॅगन लांबीच्या दिशेने दोन अरुंद कप्प्यांत चिरलेली. पहिल्यांदा फोटो पाहिला की वाटतं, जागा वाढवायची तर मधे भिंत कशाला घातली? प्रश्न इथेच सापडला.

आधी थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका-कॅनडातलं कापीव लाकूड बंद डब्यांतून, म्हणजे बॉक्सकारमधून जायचं. दारातून एकेक फळी आत सरकवायची, हाताने रचायची, आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा एकेक करून बाहेर काढायची. आपल्या वखारीत हमाल ट्रकमधून फळ्या उतरवताना पाहिले असतील तर किती वेळ जातो ते सांगायला नको. मग फोर्कलिफ्ट आली आणि फळ्या पट्टीने बांधून गठ्ठे करायची पद्धत रुळली. गठ्ठा बंद डब्याच्या दारातून आत नेणं हा त्रासच, त्यामुळे दोन्ही टोकांना भिंती असलेली उघडी फ्लॅटकार वापरात आली. फोर्कलिफ्ट बाजूने येते, गठ्ठा ठेवते, जाते. पण उघड्या तळावर तीन-सव्वातीन मीटर उंचीचा माल रचला की तो बांधायचा कशाला, हा प्रश्न उरला. साखळ्या, पोलादी पट्ट्या, लाकडी खुंट असं सगळं दर फेरीला नव्याने करायचं आणि बरंचसं फेकून द्यायचं.

मधल्या भिंतीने हा प्रश्न एका झटक्यात सोडवला. तारेचे दोर भिंतीच्या माथ्याला कायमचे जोडलेले, गठ्ठ्यांवरून बाहेरच्या कडेला आणायचे आणि कडेच्या चरखीने ताणायचे. माल भिंतीकडे आवळला जातो. बऱ्याच वॅगनींचा तळसुद्धा मध्याकडे किंचित उतरता ठेवतात, म्हणजे गठ्ठा आपल्या वजनानेच भिंतीला टेकतो. शिकागोजवळच्या शिकागो हाइट्समधल्या थ्रॉल कंपनीच्या, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या वॅगनींमध्ये ही भिंत म्हणजे लंबगोल भोकं पाडलेला पत्रा होता. रेल्वेवेडे लोक त्याला 'ऑपेरा विंडो' म्हणतात. पुढे पत्र्याऐवजी तिरप्या दांड्यांची जाळी, म्हणजे ट्रस, सर्रास झाली.

पण भिंतीचा फक्त बांधायला उपयोग असता तर ती इतकी भक्कम कशाला? हिशोब करू. ढोबळ आकडे पुरेत, पण ते खरे हवेत.

या वॅगनची आतली लांबी साधारण ७३ फूट. ७३ का? मिटर-सेंटिमीटरची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा भलताच वाटतो. पण तिथे फळ्या ८, १०, १२, १४, १६, १८, २०, २४ फूट अशा ठरलेल्या लांबीत कापतात. आता पाहा: ८ चे नऊ, १२ चे सहा, १८ चे चार, २४ चे तीन, सगळ्यांची बेरीज ७२. १६ चे चार आणि ८ चा एक, ७२. २० चे तीन आणि १२ चा एक, ७२. १० चे सहा आणि १२ चा एक, पुन्हा ७२. १४ चे चार आणि १६ चा एक, तरी ७२. वरचा एक फूट फोर्कलिफ्टवाल्याला हात हलवायला. म्हणजे कुठल्याही लांबीचा माल आला तरी वॅगनच्या टोकाला रिकामी जागा राहत नाही. मला या वॅगनमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते, आणि तिला ना कॅल्क्युलस लागतं ना सॉफ्टवेअर.

आता किती लाकूड मावतं. चार फूट रुंदीचे दोन गठ्ठे, एक भिंतीच्या इकडे, एक तिकडे, म्हणजे ८ फूट. उंची सुमारे ११ फूट, लांबी ७२ फूट. मीटरमध्ये २.४४ गुणिले ३.३५ गुणिले २१.९५, सुमारे १७९ घनमीटर. गठ्ठ्यांमधल्या आडव्या पट्ट्या आणि फटी वजा जाता प्रत्यक्ष लाकूड १७० घनमीटरच्या आसपास.

इथे एक सापळा आहे. अमेरिकन कागदपत्रांत हे असं लिहिलेलं नसतं. तिथे लिहितात, एका वॅगनमध्ये साधारण १ लाख १० हजार बोर्ड फूट. आपल्या वखारीत लाकूड घनफुटात विकतात. बोर्ड फूट म्हणजे घनफुटाचा बारावा भाग. तेव्हा १,१०,००० भागिले १२, आणि घनमीटरमध्ये आणलं की सुमारे २६० घनमीटर. पण जागा तर १७९ चीच! गडबड कुठे आहे? गडबड टू-बाय-फोर या नावात आहे. तिथली दोन इंच बाय चार इंच म्हणवली जाणारी फळी वाळवून, रंधा मारून झाली की प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. बोर्ड फूट मात्र नावातल्या मापावर मोजतात. खरं क्षेत्रफळ ५.२५ चौरस इंच, नावातलं ८. गुणोत्तर ०.६५६. आता २६० ला त्याने गुणा: १७०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर आलो, म्हणजे दोन्ही वाटा बहुधा बरोबर. परदेशी डेटासेट हातात आला की त्यातल्या एककाची व्याख्या वाचल्याशिवाय एकही आलेख काढू नका, असं मी ज्युनिअर मंडळींना सांगतो तेव्हा मनात हेच उदाहरण असतं.

वजन आता सोपं आहे. वाळवलेलं स्प्रूस-पाइन-फर जातीचं सूचिपर्णी लाकूड घनमीटरला साधारण ४५० किलो. १७० घनमीटरचे ७६-७७ टन. वॅगनची मर्यादा काय? आजच्या अमेरिकन रुळांवर चार आसांच्या वॅगनचं एकूण वजन २,८६,००० पौंड, म्हणजे सुमारे १३० टन चालतं. एका आसावर साडेबत्तीस टन. (आपल्याकडे आसाला २५ टन म्हणजे भरपूर झालं.) रिकामी वॅगन सुमारे २८ टन. उरले १०२ टन. म्हणजे वाळलेल्या लाकडाने जागा आधी संपते, वजन नंतर.

जिप्सम बोर्ड घ्या. घनता ७०० च्या पुढेमागे. तेवढीच जागा भरली तर ११९ टन, म्हणजे मर्यादेच्या पार. मग काय करायचं, वॅगन अर्धवट भरायची? नाही, आखूड करायची. सुमारे ६० फुटी सेंटरबीम याच जड मालासाठी असतात. प्रमाणाने जागा घटते, बोर्डाचं वजन ९८-९९ टनांवर येतं, चपखल बसतं. आणि बोर्ड ८, १०, १२ फुटांचे असले तर? १० चे सहा, १२ चे पाच, ८ चे सहा अधिक १२ चा एक. सगळे ६०. अशी जुळणी योगायोगाने होत नाही.

आता भिंतीकडे. १०० टन माल २२ मीटरवर समान पसरला तर दर मीटरला सुमारे ४४ किलोन्यूटन. दोन टोकांच्या बोग्यांमधलं अंतर १८ मीटर धरू. (बोगी म्हणजे इथे चाकांचा सांगाडा. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, त्याने परीक्षेत घोटाळा होतो.) साध्या आधारावरच्या तुळईचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे: भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ८. टोकांना बाहेर लटकणारा भाग थोडा दिलासा देतो, तो वजा करून मध्यावरचा बेंडिंग मोमेंट सुमारे १,७०० किलोन्यूटन-मीटर येतो.

हा मोमेंट तुळईचा वरचा पट्टा दाबून आणि खालचा पट्टा ताणून पेलतो. प्रत्येक पट्ट्यातलं बल म्हणजे मोमेंट भागिले दोन पट्ट्यांतलं अंतर. साध्या फ्लॅटकारमध्ये सगळी तुळई तळाखाली लपवावी लागते, त्यामुळे खोली फार तर ०.७ मीटर. बल येतं सुमारे २,४०० किलोन्यूटन. मधल्या भिंतीचा माथा हा वरचा पट्टा धरला, तर खोली होते साडेतीन मीटरच्या आसपास. बल येतं सुमारे ४९० किलोन्यूटन. पाचपट कमी. वाकण्याचा ताठपणा तर खोलीच्या वर्गाने वाढतो. तेवढ्याच जाडीच्या पट्ट्यांना २५ पट. मधे घातलेली भिंत ही खरं म्हणजे तळाखालची तुळईच आहे, वर उचलून मालाच्या मधोमध उभी केलेली. जाळीतल्या तिरप्या दांड्या कातरबल पेलतात, म्हणून तिथे सलग पत्र्याची गरज नाही.

बहुतेक जण इथे थांबतात आणि खूश होतात. पण मग पुढचा प्रश्न विचारा: खालचा पट्टा पाचपट बारीक का करत नाहीत? प्रत्यक्षात तळाची मधली तुळई, जिला सेंटर सिल म्हणतात, ती चांगली दणकट असते. कारण वॅगन एकटी उभी नसते. लांबलचक गाडीत तिला पुढूनमागून धक्के बसतात. अमेरिकन रेल्वे संघटनेच्या नियमानुसार वॅगनला कपलिंगपाशी १० लाख पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,४५० किलोन्यूटनचा दाब सोसता आला पाहिजे. वाकण्याचं बल त्यापुढे किरकोळ. म्हणजे खालच्या पट्ट्याची जाडी मालाच्या वजनापेक्षा गाडीच्या धक्क्याने ठरते. भिंतीचा फायदा असा, की सेंटर सिलला आता दोन कामं एकदम करावी लागत नाहीत. मालाचं ओझं भिंत घेते, धक्का सिल घेते. "ही भिंत वॅगन हलकी करते" हे वाक्य चूक नाही, अपुरं आहे.

आता जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो तिथे. या वॅगनवर ठळक सूचना रंगवलेली असते की दोन्ही बाजू सारख्या भरा, सारख्या रिकाम्या करा. म्हणजे फोर्कलिफ्टवाल्याने एका बाजूचे काही गठ्ठे काढायचे, वळसा घालून दुसऱ्या बाजूचे काढायचे, पुन्हा इकडे यायचं. कंटाळवाणं काम. वखारीला एकाच बाजूने रस्ता असेल तर फारच. मोह होणारच की आधी ही बाजू पूर्ण रिकामी करू, मग ती. का नाही करायचं?

हिशोब मांडू. एका बाजूला ५० टन, त्याचा गुरुत्वमध्य वॅगनच्या मध्यरेषेपासून ०.७ मीटर. रिकामी वॅगन २८ टन, ती मध्यावर. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ५० गुणिले ०.७ भागिले ७८, म्हणजे ०.४५ मीटर बाजूला सरकला. चाकं रुळाला टेकतात ती मध्यरेषेपासून सुमारे ०.७५ मीटरवर. ०.४५ हे ०.७५ पेक्षा कमी, म्हणजे कागदावर वॅगन पडत नाही! ३० सेंटिमीटर शिल्लक आहेत.

मग नियम लिहिणारे उगाच घाबरलेत का? इथे शोधनिबंध वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही थांबावं. नियम आणि मॉडेल यांचं पटत नसेल तर आधी मॉडेलकडे संशयाने पाहायचं. आपण वॅगन दगडासारखी ताठ धरली. खरी वॅगन स्प्रिंगांवर बसलेली असते. एका बाजूला भार आला की त्या बाजूच्या स्प्रिंगा जास्त दबतात, वर बोगीवरच्या आधाराशी थोडी मोकळीक असते, दोन्ही मिळून वॅगन दोनेक अंश कलते असं धरू. भरलेल्या वॅगनचा गुरुत्वमध्य रुळापासून सुमारे २.३ मीटर उंच आहे, तेव्हा दोन अंशांनी तो आणखी ८ सेंटिमीटर बाहेर जातो. झाले ५३. आता समजा हे वखारीतल्या सपाट रुळावर नसून वळणावर आहे आणि एक रूळ दुसऱ्यापेक्षा १०० मिलिमीटर खाली आहे, नेमका भरलेल्या बाजूचा. आणखी १५ सेंटिमीटर. झाले ६८. शिल्लक ७ सेंटिमीटर. त्यात मोठ्या भिंतीवर आडवा वारा, फोर्कलिफ्टचा धक्का, दोर सोडल्यावर बाहेर सरकलेला एखादा गठ्ठा. ५० टन लाकूड आणि शेजारी उभा असलेला माणूस यांच्यामध्ये ७ सेंटिमीटर. मी तरी तिथे उभा राहणार नाही.

जाता जाता, रुंद रुळांचा इथे उपयोग झाला असता. अमेरिकेतलं अंतर १,४३५ मिलिमीटर, आपलं ब्रॉडगेज १,६७६. चाकाचा आधार प्रत्येक बाजूला १२ सेंटिमीटर बाहेर गेला असता. पण आपल्याकडे अशा गठ्ठेबंद लाकडाच्या गाड्या भरून चालवण्याइतका हा माल रेल्वेवर नाही. सिमेंटच्या गोण्या बंद वॅगनमधून जातात आणि त्यांना मधली भिंत निव्वळ अडचण.

ज्यांना हात चालवायचाय त्यांच्यासाठी एक उदाहरण. समजा कुणी शहाणपणा केला: पुढच्या अर्ध्या भागात फक्त डावी बाजू भरली, मागच्या अर्ध्यात फक्त उजवी. एकूण बेरीज सारखी, गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर. नियमाचं अक्षर पाळलं गेलं असं कुणी म्हणेलही. आता पुढच्या बोगीवर काय होतं आणि मागच्या बोगीवर काय, ते वेगवेगळं काढा. मग वॅगनच्या अंगाला पीळ किती बसतो ते पाहा. इशारा एवढाच देतो: एकच उभी जाळी आणि एकच आडवा तळ हा आकार वाकायला ताठ असतो, पिळायला नाही. बंद पेटी आणि उघडा 'टी' यांच्यातला फरक पदवीला शिकलेला असतो, तो इथे कामाला येतो.

एवढी नेमकी वॅगन, तर तिचं वाईट काय? नेमकेपणाच. ब्रिटिश कोलंबिया किंवा ओरेगॉनमधून लाकूड भरून ती टेक्सासला किंवा मध्यपश्चिमेला जाते. परतीला काय भरणार? धान्य नाही, यंत्र नाही, कंटेनर नाही. मधे भिंत आहे आणि वर छप्पर नाही. बहुतेकदा ती हजारो किलोमीटर रिकामी परत येते. म्हणजे एका दिशेला वाचवलेला खर्च दुसऱ्या दिशेला काही प्रमाणात परत जातो. वाहतुकीवरचे निबंध वाचताना "प्रति टन-किलोमीटर इंधन" असा आकडा दिसला की परतीची फेरी त्यात धरली आहे का, हे पाहा. पुष्कळदा तो आकडा त्या एका गृहीतकावरच उभा असतो.

आणि मागणी एकाच गोष्टीला बांधलेली: घरं. अमेरिकेत २००५ मध्ये सुमारे २०.७ लाख नव्या घरांची बांधकामं सुरू झाली. २००९ मध्ये सुमारे ५.५ लाख. धान्याच्या वॅगनला मंदीत दुसरं काही भरता येतं, हिला नाही. त्या वर्षांत पिवळ्या रंगाच्या, टीटीएक्स या सामाईक वॅगन-कंपनीच्या आणि इतरांच्या सेंटरबीम गाड्या आडमार्गांवर रांगा लावून नुसत्या उभ्या होत्या. प्रत्येकीत ७२ फुटांचा तो सुंदर हिशोब शाबूत, आणि ठेवायला एक गठ्ठा नाही.